तैमूरवरचा आळ

मध्ययुगीन सीरिया आणि इजिप्तमध्ये घडलेल्या, मिनाकाम केलेल्या आणि सोन्याने मढवलेल्या काचेची गोष्ट बहुतेक ठिकाणी एका वाक्यात गुंडाळली जाते. १४०१ साली तैमूरने दमास्कस लुटले, कारागीर धरून समरकंदला नेले आणि ही कला संपली. वाक्य सुटसुटीत आहे, त्यात खलनायक आहे, तारीखही आहे, म्हणूनच ते टिकले. पण ज्या भांड्यांविषयी ते सांगितले जाते ती नीट पाहिली, त्यांच्यावरची नावे वाचली आणि त्या काळच्या कैरोचा हिशेब मांडला, तर हा आळ तैमूरला पुरता लागू पडत नाही. त्याने केलेली लूट खरी होती, दमास्कस जळाले हेही खरे. तरीही एवढ्याने ही कला संपली नसती. तिचा मूळ आधार कैरोत बसलेल्या मोजक्या गिऱ्हाइकांचा होता. तो आधार चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खचत गेला आणि मधल्या खंडात हातातले कसब निसटले, असे मला वाटते. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पंधराव्या शतकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे अय्यूबी आणि ममलूक राजवटींत, सुमारे सव्वादोनशे वर्षे जगातली सर्वांत देखणी काच या भागात होत होती. तिच्या अखेरीचे कारण जरा सावकाश तपासण्याजोगे आहे.

आधी ही वस्तू घडते कशी ते पाहायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. वाळू आणि वाळवंटी, खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख एकत्र वितळवून काच करीत. राखेतल्या सोड्यामुळे वाळू कमी आचेवर वितळते. ही काच अगदी पाण्यासारखी स्वच्छ नसते. तिला किंचित मधाळ झाक असते, आत बारीक बुडबुडे दिसतात. नळीने फुंकून भांडे तयार झाले, दिवा असेल तर साखळ्यांसाठी बाहेरून काचेच्या कड्या चिकटवल्या, मग ते हळूहळू निवू दिले. इथे साध्या काचेचे काम संपते आणि खर्चाचे काम सुरू होते. चितारी थंड भांड्यावर सोने चढवतो, लाल रेषेने आकृती आखतो आणि त्या आकृतींत मिना भरतो. मिना म्हणजे रंगीत काचेची वस्त्रगाळ पूड, चिकट द्रवात कालवलेली. तांबडा रंग लोहाच्या गेरूसारख्या ऑक्साइडचा, पांढरा कथिलाचा, पिवळा शिसे आणि कथील यांच्या संयुगाचा. आणि निळा, जो या काचेची ओळखच होऊन बसला, तो पुष्कळ नमुन्यांत थेट लाजवर्दाची पूड निघाला आहे. लाजवर्द तेव्हा येई बदख्शानच्या, म्हणजे आजच्या ईशान्य अफगाणिस्तानच्या खाणींतून, महिनोन्‌महिन्यांच्या वाटेने.

आता सगळ्यांत अवघड पायरी. मिना वितळून भांड्याला धरला पाहिजे, पण भांडे स्वतः मऊ होऊन बसता कामा नये. दोन्ही मुळात काचच, तेव्हा दोघांच्या वितळण्यातले अंतर थोडे. मिन्यात शिसे घालून ते अंतर वाढवता येते, पण प्रत्येक रंगाला ते सारखे मानवत नाही. लाजवर्दाचे तर असे, की आच फार वेळ मिळाली तर त्याची निळाई उडते. काही भांड्यांच्या तळाशी लोखंडी सळई चिकटवल्याच्या एकाऐवजी दोन खुणा सापडतात. त्यावरून, आणि स्वतः भट्टीपुढे प्रयोग करून, काचकाम करणारे अभ्यासक विल्यम गुडनराथ यांनी असे मांडले, की रंगवलेले भांडे पुन्हा तापवत नेऊन दुसऱ्यांदा सळईवर घेत आणि भट्टीच्या तोंडाशी फिरवत मिना भाजत. एक फूट किंवा त्याहून उंच, पोटाला फुगीर, अंगावर सोने आणि लाजवर्द ल्यालेला दिवा सळईच्या टोकावर पेलून आगीत फिरवायचा. हात क्षणभर थांबला तर दिवा एका बाजूला कलंडणार, आच उणी पडली तर मिना खरबरीत राहणार. फुंकणारा, चितारी, अक्षरे जाणणारा लेखनिक आणि हा दुसऱ्या आगीचा जाणकार, एवढ्यांचे हात जुळल्याशिवाय एक दिवा होत नसे. एकट्या कारागिराने घरी बसून जपून ठेवावी आणि पुढच्या पिढीला तोंडी सांगावी अशी ही विद्या नव्हे. ती चालत्या भट्टीतच जिवंत राहते.

तेराव्या शतकात अशा भट्ट्यांना गिऱ्हाईक चहूबाजूंनी होते. शेख सादीच्या १२५८ सालच्या ‘गुलिस्तान’मध्ये एक व्यापारी आपले बेत सांगतो, त्यांत हिंदुस्थानचे पोलाद हलबला, म्हणजे अलेप्पोला, आणि हलबची काच येमेनला नेण्याची गोष्ट आहे. ही नुसती कवीची कल्पना नाही, कारण येमेनच्या रसूली सुलतानांचे पाच पाकळ्यांचे फूल हे चिन्ह मिरवणारी मिन्याची भांडी आजही आहेत. ती त्यांच्यासाठी खास करवून घेतलेली होती. दुसऱ्या टोकाला बेलारूसमधल्या नोवोग्रुदोकच्या उत्खननात व्यापाऱ्यांच्या वस्तीतून सीरियन मिन्याच्या काचेचे तुकडे निघाले. बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात दोन उंच पेले आहेत. त्यांच्यावर जेरुसलेममधल्या इमारती आणि ख्रिस्ती प्रसंग रंगवले आहेत, तेही सोन्यात आणि मिन्यात, त्याच तंत्राने. ते कुणा ख्रिस्ती गिऱ्हाइकासाठी असणार हे उघड आहे. युरोपात गेलेल्या पेल्यांना तर नवी आयुष्ये मिळाली. शार्त्रच्या पेल्याला शार्लमेनचे नाव चिकटले, खरे तर शार्लमेन त्याआधी चारशे वर्षे मेलेला. इंग्लंडच्या कंबरलँड परगण्यात मसग्रेव्ह घराण्याने एक सीरियन पेला पिढ्यान्‌पिढ्या चामड्याच्या डब्यात जपला, आणि तो फुटला तर घराण्याचे भाग्य फुटेल अशी समजूत रूढ झाली. ‘लक ऑफ ईडनहॉल’ म्हणून तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. फ्रान्सचा राजा पाचवा शार्ल याच्या १३७९ सालच्या मौल्यवान वस्तूंच्या यादीत दमास्कसच्या धर्तीची रंगीत काच वेगळी नोंदलेली आहे. म्हणजे एका गिऱ्हाइकाने पाठ फिरवली तरी दुसरे उभे होते. पेला, सुरई, परात, यात्रेकरूची चपटी कुपी असे नाना आकार होते आणि त्यांच्यावर बहुधा कुणालाही चालतील अशा शुभेच्छा, नक्षी, स्वार आणि शिकारीची दृश्ये असत. असा माल करून ठेवता येतो आणि बाजारात विकता येतो.

चौदाव्या शतकात हे चित्र अरुंद होत गेले. पेले आणि सुरया कमी झाल्या आणि मशिदी, मदरसे, कबरी यांच्यासाठीचे टांगते दिवे वाढले. आज आपण या कलेचे नाव काढले की तेच डोळ्यांपुढे येतात. ते सुंदर आहेत यात शंकाच नाही. रुंद पसरट तोंड, खाली आवळलेली मान, मग फुगीर पोट आणि खाली पाय. आत पाण्यावर तेल आणि वात असलेली लहानशी काचेची वाटी ठेवायची. कुराणाच्या चोविसाव्या सूरेतल्या पस्तिसाव्या आयतीत ईश्वरी प्रकाशाला कोनाड्यात, काचेत ठेवलेल्या दिव्याची उपमा दिली आहे. पुष्कळ दिव्यांच्या मानेभोवती तीच आयत निळ्या मिन्याने लिहिलेली असते. पोटावर मात्र उलटी रचना दिसते. तिथे जमीन निळ्या मिन्याने भरलेली आणि अक्षरे त्यातून मोकळी सोडलेली. दिवा लागला की प्रकाश आडवला जातो मिन्याने आणि बाहेर पडतो अक्षरांतून. ती अक्षरे असतात दिवा देणाऱ्याच्या नावाची आणि पदव्यांची. मला ही योजना या सगळ्या कलेतली सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते. मानेवर देवाचा प्रकाश लिहिलेला आणि पोटातून दात्याचे नाव उजळलेले.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात असा एक दिवा आहे. १३२९ ते १३३५ च्या दरम्यानचा. त्यावर अमीर कौसून याचे नाव आणि प्याल्याचे चिन्ह आहे. हा कौसून १३२० मध्ये कैरोत आला तो मोठा माणूस म्हणून नव्हे. सुलतान अल्-नासिर मुहम्मद याच्यासाठी मोंगलांच्या सुवर्ण टोळीकडून आलेल्या राजकन्येच्या लवाजम्याबरोबर किरकोळ माल विकायला आलेला तरुण. सुलतानाने त्याला पाहिले आणि विकत घेतले, कारण ममलूक व्हायचे तर आधी गुलाम व्हावे लागे. तो सुलतानाचा साकी झाला, पुढे सुलतानाची मुलगी त्याने वरली, मशीद बांधली, सूफींसाठी खानका आणि स्वतःची कबर बांधली. प्याल्याचे चिन्ह त्याच्या साकीपणाचे. या दिव्यावर आणखी एक नाव आहे, अली इब्न मुहम्मद अल्-बर्मकी, आणि ते कारागिराचे आहे. अशी सही या काचेवर अगदी क्वचित मिळते. शेकडो दिव्यांवर सुलतान आणि अमीर आपले नाव लिहवून गेले, बनवणाऱ्यांची नावे मात्र बोटांवर मोजण्याइतकी उरली. सुलतान वारल्यावर काही महिने कौसूनने राज्य चालवले आणि १३४२ मध्ये तो कैदेत मारला गेला.

कौसूनची ही हकिगत मुद्दाम सांगितली, कारण चौदाव्या शतकातले या कलेचे गिऱ्हाईक ते हेच. ममलूक अमिराचा दर्जा मुलाला आपोआप मिळत नसे. म्हणून आपली संपत्ती मशीद, मदरसा, कबर अशा वक्फमध्ये अडकवायची, त्याची देखरेख मुलाबाळांकडे ठेवायची, म्हणजे पुण्यही लाभते आणि घरही टिकते. अशा प्रत्येक इमारतीला दिवे लागत, तेही एकदोन नव्हे, आणि त्यांच्यावर त्याचेच नाव, त्याचेच चिन्ह. असा माल करून बाजारात ठेवता येत नाही. सांगून करवून घेतला तरच होतो आणि सांगणाऱ्याकडे पैसा असेल तरच तो सांगितला जातो. तेराव्या शतकात जो धंदा येमेनपासून इंग्लंडपर्यंत पसरलेला होता, तो शंभर वर्षांत कैरोच्या किल्ल्याभोवतीच्या काही शे घरांवर येऊन ठेपला होता.

आता तैमूरच्या आरोपाकडे येतो. तो तपासायला इतिहासानेच एक दाखला ठेवून दिला आहे. १२६० च्या जानेवारीत हुलागूच्या मोंगलांनी अलेप्पो जिंकले आणि कत्तल केली. अलेप्पो तेव्हा या काचेचे नावाजलेले ठिकाण होते. दमास्कसही त्याच वर्षी शरण गेले. पुढे १३०० च्या तोंडावर गाझानच्या मोंगल फौजेने दमास्कस पुन्हा घेतले. आगीच्या, लुटीच्या आणि विस्थापनाच्या हिशेबाने पाहिले तर ही काच १२६० नंतर संपायला हवी होती. घडले उलटे. तिची कित्येक उत्तम कामे १२६० नंतरचीच आहेत. मोंगलांच्या वाटेने आलेली चिनी कमळे आणि फिनिक्स पक्षीसुद्धा तिने आपल्या नक्षीत सामावून घेतले. कारण उघड आहे. १२६० च्या सप्टेंबरात ऐन जालुतच्या लढाईत मोंगलांना हरवून ममलूक सत्ता कैरोत पक्की झाली आणि तिच्यापाशी बांधायला पैसा व हौस दोन्ही होते. लूट झाली तरी गिऱ्हाईक शिल्लक होते, तेव्हा कारागीर जिथे गिऱ्हाईक तिथे गेले, शहरे बदलली, काच थांबली नाही.

यावर कुणी म्हणेल, १२६० आणि १४०१ यांची तुलना बरोबर नाही. हुलागूने माणसे मारली, तैमूरने माणसे निवडून नेली. कारागीर ओळखून, वेगळे काढून, कुटुंबांसह समरकंदला धाडायचे हे त्याचे धोरणच होते. कॅस्टिलच्या राजाचा वकील क्लाविहो १४०४ मध्ये समरकंदला पोचला, तेव्हा दमास्कसहून आणलेल्या कारागिरांमध्ये त्याने विणकर, धनुष्ये करणारे आणि काचकामगार असल्याचे लिहून ठेवले आहे. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. दमास्कसचे नुकसान खरोखरच फार मोठे होते. पण मग समरकंदचे काय? कारागीर नेल्याने जर कला नेता येत असती, तर तैमूर आणि त्याच्या वारसांच्या दरबारात, जिथे इमारतींवर पाण्यासारखा पैसा ओतला गेला, तिथे मिन्याच्या काचेचा एखादा ठळक गट उभा राहिला असता. ममलूक दिव्यांच्या तोडीचे असे काही समरकंदने आपल्याला दिलेले नाही. तिथल्या मोठ्या कामात चमकदार फरशा होत्या. मिन्याचा दिवा मागणारा अमीर तिथे नव्हता, म्हणून त्या हातांना तिथे दुसऱ्या आगीचे काम नव्हते. आणि एक गोष्ट हेब्रोनची. दमास्कसच्या दक्षिणेला त्या गावात साधी, रंगीत, घरगुती काच फुंकण्याचा धंदा पुढेही चालत राहिला, आजही चालतो. म्हणजे त्या मुलखातून काच फुंकण्याची विद्या गेली नाही. गेला तो तिचा सगळ्यांत महागडा मजला.

शिवाय तैमूर कैरोला पोचलाच नाही. दिवे नेमके दमास्कसचे की कैरोचे, या प्रश्नावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि तो प्रश्न प्रत्येक दिव्यापुरता सोडवणे कठीण आहे. समजा, सगळे उत्तम दिवे दमास्कसचेच होते आणि म्हणून दमास्कस जळताच कैरोचा पुरवठा तुटला. असे धरले तर कैरोतल्या ज्या कलांचा दमास्कसशी संबंध नव्हता, त्या तरी तग धरून राहायला हव्या होत्या. याची पडताळणी करायला पितळेवर चांदी-सोने ठोकून जडवण्याची कला आहे. ती कैरोतच होत असे, तिचा स्वतंत्र बाजार होता. इतिहासकार मक्रीझी कैरोचाच रहिवासी. पंधराव्या शतकाच्या आरंभी लिहिताना तो सांगतो, की एके काळी या बाजारात दुकानांची गर्दी असे, कैरोत अशी भांडी नसलेले घर विरळा, नवरीच्या रुखवतात ती लागतच. आपल्या काळात मात्र मागणी आटली आणि करणारे थोडेच उरले. या बाजाराला तैमूरच्या फौजेने हातही लावला नव्हता. तरी तो त्याच सुमारास ओस पडत होता. दोन शेजारच्या कला एकाच काळात खालावतात, त्यांतल्या एकीवरच हल्ला झालेला असतो. अशा वेळी कारण हल्ल्याच्या पलीकडे शोधावे लागते.

ते कारण हळूहळू साचत आलेले होते. १३४७ च्या शरदात प्लेग इजिप्तमध्ये पोचला आणि पुढे पुनःपुन्हा येत राहिला. ममलूक अमिराचे उत्पन्न त्याला नेमून दिलेल्या गावांच्या साऱ्यामधून येई. शेतकरी मेले, बांध आणि कालवे राखायला माणसे उरली नाहीत, तसतसे ते उत्पन्न घसरले. पण इथे एक गोष्ट माझ्याच म्हणण्याच्या आड येते, तीही पाहिली पाहिजे. ममलूक दिव्यांचा सगळ्यांत मोठा एकत्रित साठा आहे सुलतान हसनच्या कैरोतल्या मशीद-मदरशातला, आणि त्या इमारतीचे काम १३५६ मध्ये सुरू झाले, म्हणजे पहिल्या प्लेगनंतर. मग प्लेगने मागणी मारली असे कसे म्हणायचे? उत्तर बहुधा त्याच मृत्यूंत आहे. वारस न उरलेल्यांच्या मिळकती सरकारजमा झाल्या आणि त्या एका लाटेच्या पैशावर ही अवाढव्य इमारत उभी राहिली, असे मानले जाते. तो पैसा एकदाच येणारा होता. तो पुन्हा येणार नव्हता आणि तोवर ज्यांच्या जोरावर धंदा चालायचा, त्या मधल्या फळीतल्या अमिरांची घरे पातळ होत चालली होती. सुलतान हसनचे दिवे पाहून या कलेची तब्येत उत्तम होती असे म्हणणे म्हणजे वारसाने मिळालेल्या रकमेवरून माणसाचा पगार ठरवण्यासारखे आहे. त्यानंतर सुलतान बर्कूकच्या काळातल्या, म्हणजे १३८२ ते १३९९ मधल्या, दिव्यांवर रेषा सैल झालेली आणि मिना जाडाभरडा झालेला दिसू लागतो. तैमूर तेव्हा अजून सीरियात उतरायचा होता.

बर्कूक वारला तेव्हा त्याचा मुलगा फरज दहाएक वर्षांचा होता. त्याची कारकीर्द १४१२ पर्यंत चालली आणि ती सगळी अमिरांच्या आपसांतल्या लढायांत गेली. तैमूरची स्वारी या गोंधळातच आली. १४०३ मध्ये नाईलला पूर कमी आला, दुष्काळ पडला, चांदीचे दिरहम व्यवहारातून नाहीसे झाले आणि तांब्याच्या नाण्यांचा सुळसुळाट झाला. मक्रीझीने १४०५ मध्ये या दुष्काळावर एक पुस्तिकाच लिहिली. तीत त्याने दोष ठेवला तो लाच देऊन पदे मिळवणाऱ्यांवर आणि तांब्याच्या नाण्यांवर. बांधकामे पूर्ण थांबली नाहीत हे कबूल केले पाहिजे. फरजनेही बापासाठी कैरोबाहेर मोठी खानका उभी केली. पण बांधकाम करणे वेगळे आणि त्यात जुन्या तोडीची सामग्री घालणे वेगळे. याचा सज्जड पुरावा फरजनंतर काही काळाने तख्तावर आलेल्या मुअय्यद शेखने दिला. त्याने १४१५ पासून कैरोत आपली मशीद बांधायला घेतली, तेव्हा तिचे मोठे दार आणि टांगायचे मोठे धातूचे झुंबर नवे करून घेण्याऐवजी त्याने सुलतान हसनच्या मशिदीतले, साठेक वर्षांपूर्वीचे, पाचशे दिनारांना उचलले. वक्फची वस्तू अशी हलवणे रीतीला धरून नव्हते, तरी त्याने ते केले. ते दार आजही त्याच्याच मशिदीला आहे. इजिप्त आणि सीरियाचा सुलतान स्वतःच्या मशिदीला जुने दार आणतो, याचा अर्थ मला असा दिसतो, की तसे नवे दार करून देणारी कार्यशाळा त्याच्या राजधानीत उरली नव्हती. ही कैरोतली धातुकला, दमास्कसची काच नव्हे.

आता उलट बाजूने येणारा आक्षेप, आणि मला तो सगळ्यांत अवघड वाटतो. गिऱ्हाईक आटल्यामुळे कला गेली असे म्हणायचे, तर गिऱ्हाईक परत आल्यावर ती परत का आली नाही? कारण गिऱ्हाईक परत आले होते. १४६८ ते १४९६ पर्यंत राज्य करणारा कायतबाय हा ममलूकांतला फार मोठा बांधकामप्रेमी सुलतान. त्याच्या नावाचा मिन्याचा एक दिवा कैरोत आहे, पण त्याची घडण आणि नक्षी पाहता तो बहुधा युरोपात, व्हेनिसकडे झालेला असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. आणि १५६९ मध्ये ऑटोमन वजीर सोकोल्लू मेहमेद पाशा याने इस्तंबूलमधला व्हेनिसचा प्रतिनिधी मार्कांतोनिओ बार्बारो याच्यामार्फत मशिदींसाठी नऊशे काचेचे दिवे मागवले, आकाराच्या रेखाटनांसह. मागणी होती, पैसा होता, दिव्याची गरज तर कधीच संपली नव्हती. तरी काम गेले व्हेनिसच्या मुरानो बेटावर. या आक्षेपाने माझे म्हणणे पडत नाही, पण ते नेमके करावे लागते. मागणीत साठ-सत्तर वर्षांचा खंड पडला आणि तेवढा खंड पुरेसा होता. दुसऱ्या आगीचे कसब हातात असते. भट्टी बंद राहिली, एका पिढीचे शिकाऊ मुलगे दुसऱ्या धंद्याला लागले, की आच किती वेळ द्यायची हे सांगणारा कुणी उरत नाही. ‘लाजवर्द घ्या’ हे वहीत लिहिता येते, तो किती क्षण भट्टीपुढे धरायचा ते लिहिता येत नाही. कायतबायकडे पैसा आला तेव्हा दिवा सांगायला जागा होती, फक्त ती समुद्रापलीकडे होती.

मग सगळा दोष व्हेनिसवर टाकायचा का? तसेही नाही. व्हेनिसमध्ये मिन्याचे पेले तेराव्या शतकाच्या अखेरीपासूनच होत होते. ब्रिटिश म्युझियममधला ‘आल्द्रेवांदिन’ असे लॅटिन नाव लिहिलेला पेला त्याच परंपरेतला. फार दिवस असे पेले धर्मयुद्धांच्या काळात सीरियातच झाले असे समजले जाई. पुढे व्हेनिसच्या कागदपत्रांत काच रंगवणाऱ्यांची नावे सापडली आणि ते मत बदलले. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षे दोन्ही ठिकाणी हे काम चालू होते आणि व्हेनिसने सीरियाला बाजारातून हुसकावले नव्हते. हुसकावायला जागा झाली ती नंतर. कच्च्या मालाची कहाणी यात विशेष बोलकी आहे. १२७७ मध्ये अँटिओक-त्रिपोलीचा सातवा बोहेमंड आणि व्हेनिसचा डोज जाकोपो कोंतारिनी यांच्या करारात फुटक्या काचेच्या निर्यातीवरच्या जकातीचे कलम आहे, म्हणजे तेव्हाही सीरियाच्या किनाऱ्यावरची काच वितळवायला व्हेनिसला जात होती. झुडपांची राखही तिकडे जाई आणि १४०१ नंतरही ती जातच राहिली. मुरानोची उत्तम काच त्या राखेवर उभी होती. वाळू होती, राख होती, ती जाळणारे लोक होते, गलबते होती. तैमूरने या साखळीतल्या फार थोड्या कड्या तोडल्या. ज्या देशातून राख जात होती, त्या देशात तयार दिवे परत येऊ लागले. बदलले होते ते भट्टीचे ठिकाण, आणि ते ठरवत होते ऑर्डर देणारे.

साडेचारशे वर्षांनी याची जवळजवळ प्रयोगशाळेतल्यासारखी उलटतपासणी झाली. एकोणिसाव्या शतकात कैरोच्या मशिदींतले दिवे युरोपच्या संग्राहकांकडे जाऊ लागले आणि पॅरिसमध्ये त्यांना मोठी किंमत येऊ लागली. जुन्या वस्तू दुरुस्त करणारा फिलिप-जोसेफ ब्रोकार त्या दिव्यांपुढे बसला, मिना आणि सोने पुन्हा भाजायचे कसे ते स्वतः शोधून काढले आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात आपली कामे मांडली. रंग, शिसे, दुसरी आग, सगळे त्याला पुन्हा शोधावे लागले, कारण शिकवणारा कुणी नव्हता. पण त्याला विकत घेणारे होते आणि तेवढ्यावर ते कसब दमास्कसपासून हजारो किलोमीटरांवर, दुसऱ्या भाषेत आणि दुसऱ्या धर्मात पुन्हा उभे राहिले. इकडे कैरोत १८८१ मध्ये स्मारक-संरक्षण समिती स्थापन झाली. मशिदींतले उरलेले दिवे संग्रहालयात एकत्र आले. २४ जानेवारी २०१४ रोजी त्या संग्रहालयाबाहेर झालेल्या स्फोटात त्यांतले काही फुटले आणि डागडुजीनंतर २०१७ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. सुलतान हसनच्या मशिदीसमोर १९१२ मध्ये अल्-रिफाई मशीद पूर्ण झाली. तिच्यात ममलूक धर्तीचे मिन्याचे दिवे टांगले गेले आणि त्यांच्यावर नाव होते इजिप्तचा तेव्हाचा शासक, खेदिव अब्बास हिल्मी दुसरा याचे.